मुळासारखं काहीतरी

प्रॅक्टिकलच्या आदल्या संध्याकाळी मॉस आणायचं काम माझं.
फेब्रुवारीतच रस्ते भाजायला लागतात,
तेव्हा सोलापुरात हिरवं कुठं उरलंय
हे प्राचार्यांना ठाऊक नसतं, लॅबच्या शिपायाला असतं:
भुईकोटाच्या खंदकाची सावलीकडची भिंत,
सत्तर फूट रोडवरचा एक गळका व्हॉल्व्ह,
आणि साखर पेठेतला आमच्या आप्पांचा माग.

मागाच्या शेडमध्ये हवा ओली ठेवावी लागते,
कोरडी झाली की सूत तुटतं.
आप्पा सकाळ-दुपार भिंतींवर पाणी मारतात,
आणि खिडकीखालच्या विटेवर
कुठल्याच चादरीत नसलेलं एक हिरवं
आपणहून विणलं जातं.

ते ब्लेडनं उचलायचं, विटेच्या भुग्यासकट.
ओढायचं नाही.
ओढलं की पोटाखालचे केस तुटतात,
आणि हत्तुरे मॅडमना तेच तर दाखवायचे असतात.

स्लाइड. थेंबभर पाणी.
कव्हरस्लिप तिरकी टेकवून हळू सोडायची.
मग दिसतात तपकिरी तंतू, पेशीपुढं पेशी,
आणि मधले पडदे तिरके,
जसा आप्पांच्या बोटांतून निघालेला तुटक्या सुताचा सांधा.

"ही मुळं नाहीत," मॅडम दर वर्षी सांगतात.
"मूलाभ. लिहा. पाणी हे झाड बहुतेक अंगानंच पितं.
हे फक्त धरून ठेवतात."
पस्तीस वह्यांत ते उतरतं.
मी मागं बेसिनपाशी काचा विसळत.
फक्त.
धरून ठेवायला काय लागतं
ते मॅडमनी एकदा शेडमध्ये येऊन बघावं.

बुरशीसाठी पाव लागतो.
पहिल्या वर्षी पैसे वाचवायला
मी घरची कडक भाकरी ओली करून काचेखाली ठेवली.
आठ दिवस झाले, काही नाही.
मुजावर नावाचा पोरगा म्हणाला,
"ही आपल्याकडची आहे ओ, हिला बुरशीपण चावत नाही."
तेव्हापासून बेकरीतला पाव.
तिसऱ्या दिवशी पांढरा कापूस, त्यावर काळी टाचणीची डोकी.
भिंगाखाली एक धागा आडवा धावतो,
टेकतो तिथं बोटं रोवतो,
उठतो, पुन्हा धावतो, पुन्हा रोवतो.
माझे आजोबा, भूमय्या, करीमनगरकडून असेच आले म्हणे.
वाटेत तीन गावांत माग मांडला, तीनदा उचलला.

नेचा मात्र रडवतो.
मातीच्या कुंडीला काच झाकून महिनाभर जपावं,
तेव्हा उगवतं नखाएवढं हिरवं काळीज,
खाली मूलाभांचा झुबका.
त्यातूनच पुढं खरा नेचा निघतो, खऱ्या मुळांचा,
आणि ते काळीज वाळून जातं.
त्याची आकृती परीक्षेला चार मार्कांना येते.

परवा कॉलेजात एक फॉर्म आला. रकाना: मूळ गाव.
मी लिहिलं, साखर पेठ.
क्लार्क म्हणाला, "ते राहायचं झालं. मूळचे कुठले?"
मी पेन तसंच धरून बसलो.

आमच्या घरच्या भाषेत मुळाला वेरु म्हणतात.
वेगळं, निराळं, दुसरं कुणीतरी, त्यालाही वेरुच.
भाऊ चूल वेगळी मांडतात, तेव्हाही हाच शब्द.
लहानपणी मला वाटायचं
शब्द कमी पडले असतील कुणाला तरी.

प्रॅक्टिकल झालं की उरलेलं मॉस मी परत नेतो.
विटेवर दाबतो, ओंजळभर पाणी.
लागतं कधी, कधी नाही.

या वेळी आप्पांनी माग चालू ठेवूनच ओरडून विचारलं,
काय दाखवलं पोरांना एवढं?
मीही ओरडूनच सांगितलं,
खालचे ते केस. वेरु कादु, आप्पा.
मूळ नाही.
धोट्याच्या खडखडाटात त्यांनी त्यातलं
कुठलं वेरु ऐकलं कोण जाणे.
मान हलवली, सुटलेलं टोक जिभेनं ओलं केलं,
म्हणाले, कादु,
आणि गाठ मारली.